परकीय लष्करी हस्तक्षेप व सीमापार दहशतवाद (मुंबई)

परक्या भूमीवर सैन्य उतरले की त्याच्या रोषातून दहशतवाद जन्मतो, असे मत अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट पेप यांनी आत्मघाती हल्ल्यांच्या अभ्यासातून मांडले (२००५). भारतीय शांतिसेना श्रीलंकेत गेली (१९८७–९०) आणि १९९१ मध्ये राजीव गांधींची हत्या झाली, तेथे ते पटते. मुंबईला ते जसेच्या तसे लागू पडत नाही. २००८ चे हल्लेखोर काश्मीरचे नाव घेत हे खरे. पण त्यांतला अजमल कसाब पाकिस्तानी पंजाबातील ओकारा जिल्ह्यातला, आणि तेथे कोणतीही परकी फौज नव्हती. मुंबईपर्यंत पोहोचली ती फौजेमागे उरलेली यंत्रणा. सोव्हिएत सैन्याविरुद्धच्या अफगाण युद्धात (१९७९–८९) अमेरिका व सौदी अरेबियाचा पैसा पाकिस्तानी गुप्तचर संस्था आयएसआयच्या हातून वाटला गेला. सैन्य परतले, तरी तळ, प्रशिक्षक आणि शस्त्रे तिथेच राहिली. २००८ चा हल्ला करणाऱ्या लष्कर-ए-तैयबाची मातृसंघटना याच युद्धातली.

१२ मार्च १९९३ च्या स्फोटांचा (मृत २५७) कागदोपत्री पुरावा सर्वांत भक्कम आहे. रायगड किनाऱ्यावर दिघी व शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटकांचा माल उतरला, तो चांदीच्या तस्करीच्या जुन्याच वाटेने. कस्टमच्या अधिकाऱ्यांनाही पुढे शिक्षा झाल्या. आरोपींना पाकिस्तानात शस्त्रप्रशिक्षण मिळाल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या निकालात नोंदवले. यावर आक्षेप असा की, स्फोटांमागे डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या दंगली होत्या. दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगानेही हा संबंध मान्य केला आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र दंगलीच्या संतापाने माणसे मिळतात, आरडीएक्ससारखे स्फोटक मिळत नाही. दादरच्या प्लाझा चित्रपटगृहापर्यंत ते पोहोचवायला परदेशातला पुरवठादार लागतो.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात (मृत १६६, हल्लेखोर वगळून) दहा जण समुद्रमार्गे आले. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली, म्हणून तो जिवंत सापडला. त्यात ओंबळे यांना वीरमरण आले. प्रशिक्षणतळांचा तपशील बराचसा कसाबच्या जबाबातून मिळतो. हल्ल्यापूर्वी मुंबईची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने साक्षीत आयएसआयचा अधिकारी म्हणून ‘मेजर इक्बाल’चे नाव घेतले; पाकिस्तान सरकारी सहभाग नाकारते.

११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतील स्फोटांच्या खटल्यात दोषी ठरलेले सर्व १२ आरोपी मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्दोष ठरवले. म्हणून ते प्रकरण येथे पुराव्यात धरलेले नाही.

१३ जुलै २०११ च्या स्फोटांबाबत (झवेरी बाजार, ऑपेरा हाउस, दादर) संशय इंडियन मुजाहिदीन या संघटनेवर आहे; तेही येथे पुराव्यात धरलेले नाहीत.