सीमा निवडण्याचा हक्क कोणाचा?

भाईंदरच्या ज्या महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो, तेथे माझ्या वर्गात मिठागरांवर राबलेल्या आजोबांची नातवंडे आहेत, मीरा रोडच्या इमारतींतून येणारी मुसलमान मुले-मुली आहेत, आणि माझ्यासारखी, घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारीही पुष्कळ आहेत. फाळणीचा धडा मी वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने शिकवीत आलो. फळ्यावर एक उभी रेघ ओढायची आणि दोन बाण काढायचे: हिंदू-शीख इकडे, मुसलमान तिकडे. ज्याने त्याने आपापली बाजू निवडली, असे सांगून पुढच्या धड्याकडे वळायचे. गेल्या वर्षी शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, यात आपली माणसे कुठल्या बाणात?"

"आपली" म्हणजे कोण, हे तिला सांगावे लागले नाही. मला मात्र उत्तर देता आले नाही. एम. ए. होईपर्यंत फाळणीवर मी तीन वेळा परीक्षा दिली होती. पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

कराचीपासून सुरुवात केली पाहिजे. ती आपल्याला वाटते तितकी परकी नाही. १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. मुंबईहून बोटीने कराचीला जाणारा मजूर परदेशी जात नव्हता. तो आपल्याच इलाख्यातल्या दुसऱ्या बंदरात पोट भरायला जात होता. तेथे मराठी वस्ती होती. तेथील जुन्या नामांकित हायस्कुलाला आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव आहे. शाळेला नाव मिळाले. पण त्या शहराचा मैला ज्यांनी वाहिला, त्यांचे नाव कोणत्याही दगडावर कोरलेले नाही. यांतले बरेचसे काठेवाड-गुजरातकडून गेलेले अस्पृश्य होते.

१९४७ च्या अखेरीपासून कराचीहून मुंबईकडे बोटी भरभरून येऊ लागल्या. ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतील दंगलीनंतर हा ओघ आणखी वाढला. आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या कल्याण कॅम्पात सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि तिचेच पुढे उल्हासनगर झाले. व्यापारी गेला, वकील गेला, शिक्षक गेला. त्यांना जाताना यातना झाल्या, घरेदारे सुटली, हे खरेच आहे. पण झाडूवाला निघाला तेव्हा त्याला अडवण्यात आले. त्याचे काम ही "अत्यावश्यक सेवा" ठरवण्यात आली आणि महिन्याची नोटीस दिल्याशिवाय त्याला सोडायचे नाही, असा नियम झाला. ज्याच्या सावलीचा हजारो वर्षे विटाळ होत होता, तो एका रात्रीत राष्ट्राला इतका आवश्यक झाला की त्याला सीमा ओलांडू देणे परवडेना!

पाकिस्तानातले भारताचे पहिले उच्चायुक्त श्रीप्रकाश यांनी आपल्या आठवणींत एक प्रसंग नोंदवला आहे. या लोकांना का अडवता, असे त्यांनी विचारले, तेव्हा पंतप्रधान लियाकत अली खान यांनी उलट विचारले, की ते गेले तर कराचीचे रस्ते आणि संडास कोण साफ करणार? या प्रश्नात द्वेष नाही, हेच त्यातले भयंकर आहे. त्यात फक्त हिशेब आहे. माणूस हिंदू की मुसलमान, हा प्रश्न सगळ्या उपखंडाला पडला होता; झाडूवाल्यापुरता तो कोणालाच पडला नाही. त्याचा धर्म विचारण्याआधीच त्याची जात कामाला लागली.

कोणी म्हणेल, हे पाकिस्तानचे पाप. तेवढ्यावर समाधान मानणे सोयीचे आहे. पण खरे नाही. सफाई कामगाराने नोटीस न देता काम सोडणे हा गुन्हा ठरवणारी कलमे ब्रिटिश अमदानीतल्या अनेक नगरपालिका कायद्यांत होती. पाकिस्तानने ती दृष्टी वारशाने घेतली आणि आपणही घेतली.

बाबासाहेबांनी हे त्याच वेळी ओळखले होते. २७ नोव्हेंबर १९४७ रोजी त्यांनी पत्रक काढून पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांना मिळेल त्या मार्गाने भारतात येण्याचे आवाहन केले. पण नुसते आवाहन करून ते थांबले नाहीत, कारण ज्याच्याजवळ तिकिटाचे पैसे नाहीत त्याला "निघून ये" म्हणणे ही क्रूर चेष्टा आहे, हे त्यांना ठाऊक होते. १८ डिसेंबर १९४७ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. पाकिस्तान सरकार आपल्या लोकांना का सोडत नाही, ते त्यांनी त्यात स्पष्ट सांगितले: हलकी कामे करायला आणि भूमिहीन मजूर म्हणून राबायला ते हवे आहेत. त्याच पत्राचा पुढचा भाग आपल्याकडे बोट दाखवतो. सीमा ओलांडून आलेल्या अस्पृश्यांना भारतातल्या निर्वासित छावण्यांत भेदभाव सोसावा लागतो, आणि पूर्व पंजाबात त्यांना जमीन मिळत नाही, अशी तक्रार त्यात आहे. पुढे नुकसानभरपाईचे दावे झाले तेव्हा मागे राहिलेल्या मालमत्तेचे मोल केले गेले. ज्याने मागे फक्त झोपडी आणि टोपली सोडली, त्याने दावा कशाचा करायचा?

सीमेने बाबासाहेबांनाही विचारले नव्हते. १९४६ साली ते घटना समितीवर निवडून गेले ते बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या बळावर. फाळणीने ती जागा गेली आणि जुलै १९४७ मध्ये त्यांना मुंबईतून पुन्हा निवडून यावे लागले.

मंडल यांनी मात्र जाणूनबुजून दुसरी बाजू निवडली. पूर्व बंगालचा नामशूद्र शेतकरी आणि मुसलमान शेतकरी एकाच जमीनदाराच्या टाचेखाली आहेत, तेव्हा त्यांचे हित एक आहे, असा त्यांचा हिशेब होता. १० ऑगस्ट १९४७ रोजी पाकिस्तानच्या घटना समितीच्या पहिल्या बैठकीचे ते हंगामी अध्यक्ष झाले आणि पुढे कायदा व कामगार मंत्री. १९५० च्या पूर्व बंगालमधील दंगलींनंतर ८ ऑक्टोबर १९५० रोजी कलकत्त्याहून त्यांनी राजीनामा पाठवला. परत आल्यावर ते एकही निवडणूक जिंकू शकले नाहीत. १९६८ साली वारले. त्यांना देशद्रोही किंवा भोळे म्हणून निकालात काढणारे आपल्यातही आहेत. माझे म्हणणे वेगळे आहे. त्यांची निवड चुकली. पण निवड करण्याचा हक्क दलितालाही आहे, हे त्यांनी कृतीने मांडले. चुकण्याची मुभा सवर्ण नेत्यांना नेहमीच मिळाली आहे.

मंडल यांच्या मागोमाग, पुढची कित्येक वर्षे नामशूद्र कुटुंबे सीमा ओलांडत राहिली. त्यांतली काही तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गडचिरोलीत, वसवली गेली. पश्चिम बंगालात नामशूद्र अनुसूचित जातींत मोडतात. महाराष्ट्राच्या यादीत ही जात नाही. म्हणजे जातीने त्यांच्याबरोबर सगळ्या सीमा ओलांडल्या. जातीचा दाखला तेवढा वाटेत अडला.

हे सगळे वाचत असताना मला २०२० साल आठवत होते. मार्चमध्ये लोकल बंद झाल्या आणि १५ जूनपासून फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाल्या. माझे वडील एका शहराच्या सफाई खात्यात होते. बाकीचे जग दार लावून बसले असताना ते पहाटे ओळखपत्र गळ्यात घालून भाईंदर स्टेशनकडे निघत. टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या. पण हातमोज्यांची जोडी आम्ही घरच्या पैशांनी घेतली. "तुम्हाला अत्यावश्यक म्हणतात हो," असे आई म्हणाली, तेव्हा वडील म्हणाले, "मला नाही गं, झाडूला."

कराचीच्या बंदरावर अडवलेल्या माणसाची हकीकत मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने सांगितली नाही. वडिलांच्या या वाक्याने ती समजली. देश निवडायचा तर आधी काम नाकारता आले पाहिजे. काम नाकारण्याची मोकळीक नसलेल्याला सीमेच्या कोणत्याही बाजूला ठेवले तरी तो त्याच जागी असतो.

यंदा मी फळ्यावर ती रेघ पुन्हा ओढली. दोन बाण काढले आणि रेघेच्या पायाशी एक ठिपका काढला. त्या मुलीला आणि तिच्या वर्गाला एक काम दिले आहे: उल्हासनगरला जायचे, आपल्या वस्त्यांतल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायचे, कोण कोठून आले, कोणाला कोणी अडवले, कोण मागे राहिले, ते लिहून आणायचे. वर्गातली मुसलमान मुलेही यात आहेत, कारण रेघेच्या दोन्हीकडे ताटातूट झालेली घरे त्यांच्याही ओळखीची आहेत. वाचकांपैकी जे शिक्षक आहेत त्यांनी आपापल्या गावी हेच करावे. ही माणसे फार दिवस सांगायला राहणार नाहीत.