सादरीकरण-तर्क (वेब अनुप्रयोगांतील)

पडद्यावर काय, केव्हा आणि कोणत्या रूपात दिसावे हे ठरवणारा आज्ञावलीचा भाग. बटण, रकाना, निवडयादी ही विजेटे केवळ दाखवतात आणि वापरकर्त्याची कृती टिपतात. निर्णय वेगळ्या घटकाने घ्यायचा असतो.

जिल्हा-तालुका-गाव विचारणाऱ्या ऑनलाइन अर्जाचे उदाहरण घेऊ. पालघरचे आठ तालुके, पालघर तालुक्यातील बोईसर, तारापूर ही गावे, हा झाला निव्वळ विदा. जिल्हा बदलताच आधी निवडलेले गाव पुसणे, गाव निवडेपर्यंत ‘पुढे’ हे बटण बंद ठेवणे, हा सादरीकरण-तर्क. तो निवडयादीतच कोंबला, तर प्रत्येक पानावर त्याची नक्कल होते आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तसा बदल आला की पानोपानी शोधाशोध करावी लागते. वेगळा ठेवल्यास ब्राउझर न उघडताही त्याची चाचणी घेता येते. खरा लाभ हाच.

या विचाराचे मूळ ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात मांडलेल्या मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर रचनेत आहे. मॉडेल-व्ह्यू-प्रेझेंटर, मॉडेल-व्ह्यू-व्ह्यूमॉडेल या त्यानंतरच्या रचना. दोन रकान्यांच्या अर्जासाठी मात्र एवढा पसारा अनावश्यक ठरतो.