#थ्रेड : रिओच्या वाळूवरचे गणित

१९६८ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे विज्ञान सल्लागार डोनाल्ड हॉर्निग यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात गणितज्ञांना एक टोमणा मारला. रिओ द जानेरोच्या समुद्रकिनाऱ्यावर बसून केलेले गणित सरकारी पैशाने पोसावे, हे कर भरणाऱ्या सामान्य माणसाला पटेल का, असा त्याचा आशय. रोख होता स्टीफन स्मेल यांच्याकडे.

किनाऱ्याची गोष्ट खरी होती. १९६० च्या पूर्वार्धात २९ वर्षांचे स्मेल सरकारी शिष्यवृत्तीवर रिओच्या ‘इम्पा’ या गणितसंस्थेत होते. सकाळी वही-पेन घेऊन वाळूत बसायचे, दुपारी संस्थेत जायचे, असा त्यांचा क्रम.

त्या काळी त्यांची एक अटकळ होती. काळानुसार बदलणाऱ्या बहुतेक प्रणाली, म्हणजेच गतिक प्रणाली, अखेर काही मोजक्या स्थिर बिंदूंवर किंवा आवर्तनांवर येऊन ठेपतात, अशी. तेवढ्यात एमआयटीच्या नॉर्मन लेव्हिन्सन यांचे पत्र आले. मेरी कार्टराइट आणि लिटलवूड यांनी रेडिओच्या मंडलांतून उद्भवलेल्या एका समीकरणावर केलेल्या कामातच या अटकळीला छेद देणारे उदाहरण होते. (कार्टराइट यांचे नाव या इतिहासात फार उशिरा घेतले जाऊ लागले, हे खेदाने नोंदवावे लागते.)

स्मेल यांनी ते किचकट समीकरण भूमितीत उतरवले. एक चौरस घ्या. एका दिशेने ताणा, दुसऱ्या दिशेने दाबा, मग घोड्याच्या नालेसारखा वाकवून मूळ चौरसावर ठेवा. हीच क्रिया पुन्हा पुन्हा करा. बहुतेक बिंदू चौरसाबाहेर फेकले जातात. जे कायम आत उरतात त्यांची वाटचाल नाणेफेकीइतकी बेभरवशाची असते. छाप-काट्याचा कोणताही क्रम मनात धरा, त्या क्रमाने डावी-उजवीकडे फिरणारा बिंदू तिथे सापडतोच! आणि प्रणालीला किंचित धक्का दिला तरी हे चित्र मोडत नाही. गोंधळच टिकाऊ असू शकतो, हे त्या नालेने दाखवले.

पाच आणि त्याहून अधिक मितींतली प्वांकारे अटकळही त्यांनी याच मुक्कामात सोडवली. त्याबद्दल १९६६ साली मॉस्कोच्या अधिवेशनात त्यांना फील्ड्स पदक मिळाले. तिथेच विद्यापीठाच्या पायऱ्यांवर उभे राहून त्यांनी अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धाचा आणि त्याच दमात हंगेरीतल्या सोव्हिएत हस्तक्षेपाचा निषेध केला. यजमान आणि मायदेश, दोघेही एकाच दिवशी नाराज! पुढच्याच वर्षी त्यांचा अनुदानाचा अर्ज परत आला. किनाऱ्याचा टोमणा या वादातला आहे.

यानंतरचे वळण फारसे कोणी सांगत नाही. समीकरणाचे मूळ शोधण्याची न्यूटनची पद्धत शाळा-कॉलेजात अनेकांनी वापरली असेल : अंदाज घ्या, सुधारा, पुन्हा सुधारा. एकच क्रिया पुन्हा पुन्हा करणे म्हणजे गतिक प्रणालीच! मग ती उत्तराशी पोहोचते का, आणि किती पायऱ्यांत? १९८१ च्या निबंधात स्मेल यांनी हाच प्रश्न घेतला आणि ते संगणन-जटिलतेच्या प्रांतात शिरले. तिथे संगणक म्हणजे शून्य-एकचे यंत्र होते. न्यूटनची पद्धत मात्र वास्तव संख्यांवर चालते. १९८९ साली लेनोर ब्लम, माइक शब आणि स्मेल यांनी थेट वास्तव संख्यांवर क्रिया करणाऱ्या यंत्राची संकल्पना मांडली. मँडेलब्रॉट संचात एखादा बिंदू आहे की नाही, हे असे यंत्रही सदैव ठरवू शकत नाही, असे त्यातून निघाले.

१९९८ साली त्यांनी नव्या शतकासाठी १८ प्रश्नांची यादी दिली. त्यातला १७ वा बहुपदी समीकरणांच्या संचाचे एक उत्तर सरासरीने झटपट शोधण्याचा; बेल्त्रान-पार्दो यांच्यापासून सुरू झालेले ते काम २०१७ साली पिएर लेरे यांनी पूर्णत्वास नेले.

९ वा प्रश्न आपल्या ओळखीचा. मर्यादित साधनांचे उत्तम वाटप करणाऱ्या लिनिअर प्रोग्रॅमिंगसाठी, मुंबईच्या आयआयटीत शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ साली गाजलेली रीत दिली. पण तिच्या पायऱ्या दिलेल्या संख्या किती अंकी आहेत यावरही अवलंबून असतात. केवळ चल आणि अटी किती, एवढ्यावरच पायऱ्या ठरतील अशी वेगवान रीत आहे का, हे स्मेल यांनी विचारले होते. ती अद्याप कोणालाही सापडलेली नाही.