फ्लटरचे इम्पेलर: शेडरचे काम आधी की ऐनवेळी?

गूगलचे फ्लटर वापरून एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींसाठी ॲप बनवता येते. त्यासाठी ते फोनमधली तयार बटणे किंवा याद्या घेत नाही. प्रत्येक अक्षर, प्रत्येक सावली स्वतः रंगवते. म्हणून रंगवणारे इंजिन बदलले की त्याचा परिणाम ॲपच्या प्रत्येक हालचालीवर होतो.

सेकंदाला 60 फ्रेम दाखवणाऱ्या पडद्यावर एका फ्रेमच्या वाट्याला साधारण 16.7 मिलिसेकंद येतात, 120 च्या पडद्यावर जेमतेम 8.3. फ्लटरची सुरुवात झाली ती स्किया या चित्र रंगवणाऱ्या लायब्ररीवर. क्रोमही तीच वापरतो आणि तिच्या भक्कमपणाबद्दल शंका नाही. पण समोरच्या चित्राला नेमका लागेल तसा शेडर, म्हणजे जीपीयूवर चालणारा छोटा प्रोग्रॅम, ती ॲप चालू असतानाच तयार करते. यादीतल्या कार्डावर बोट टेकले, कार्ड पसरत पडदा व्यापू लागले आणि मागची धूसर छटा रंगवायला नवा शेडर लागला, तर तो कंपाइल होईपर्यंत कधीकधी काही शे मिलिसेकंद जातात. ॲनिमेशन अडखळते. पुढच्या वेळी शेडर तयार असल्याने तेच कार्ड झुळझुळीत उघडते. त्यामुळे रोज तेच ॲप उघडणाऱ्या डेव्हलपरच्या नजरेतून हा दोष सहज निसटतो आणि नव्या ग्राहकाला मात्र तोच आधी भेटतो. शेडर आधी नोंदवून ॲपसोबत पाठवण्याची सोय होती, पण एका फोनवरची नोंद दुसऱ्यावर उपयोगी पडेलच असे नव्हते.

फ्लटरच्या नव्या इंजिनाने, इम्पेलरने, मुळातच पद्धत बदलली. शेडरचा संच मोजका आणि ठरलेला. तो इंजिन बांधतानाच कंपाइल होतो. मग आकारांची विविधता सांभाळायची कोणी? ते काम भूमितीकडे जाते: वक्र रेषांचे त्रिकोणांत तुकडे पाडले जातात आणि कडांचे दातरेपण मल्टिसॅम्पलिंगने, म्हणजे एका पिक्सेलचे अनेक नमुने घेऊन, घालवले जाते. हे महाग वाटते. पण मोबाइलचे बहुतेक जीपीयू पडद्याचे छोटे चौकोन करून रंगवतात आणि ते नमुने चिपवरच्या मेमरीत राहतात, म्हणून खर्च आटोक्यात येतो. गुंतागुंतीच्या वेक्टर चित्रांत मात्र त्रिकोण पाडण्याचा भार सीपीयूवर पडतो, हे विसरून चालणार नाही.

आयफोनवर इम्पेलर मे 2023 मध्ये, 3.10 आवृत्तीपासून, आपोआप लागू झाले. तिथे मेटल ही एकच ग्राफिक्स प्रणाली आणि चिपही ॲपलचीच. अँड्रॉइडवर त्यासाठी डिसेंबर 2024 ची 3.27 आवृत्ती यावी लागली, तेही अँड्रॉइड 10 किंवा त्यापुढचे असेल आणि व्हल्कन ही ग्राफिक्स प्रणाली चालत असेल तर. कारण तिथे प्रत्येक चिपकंपनीचा ड्रायव्हर वेगळा आणि त्याच्या खोडीही वेगळ्या.

माझ्या मते इम्पेलरचा हा सौदा योग्य आहे. सरासरी फ्रेम थोडी महाग पडली तरी चालेल, पण सर्वांत लांबलेली फ्रेम आवरली पाहिजे. बोटाला जाणवते ती तीच. म्हणून चाचणीही स्वस्तातल्या जुन्या अँड्रॉइड फोनवर, वेग मोजण्यासाठीच्या प्रोफाइल मोडमध्ये, ॲप नव्याने टाकून करावी आणि पहिल्यांदा उघडलेल्या पडद्याची सर्वांत लांब फ्रेम आधी पाहावी.