दहा गेले, दोन उरले : अमेरिकेतल्या 'पॅक-१२' कॉन्फरन्सचं नेमकं काय झालं?

४ ऑगस्ट २०२३, शुक्रवार. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नऊ विद्यापीठांचे प्रमुख सकाळी ऑनलाइन बैठकीला बसणार होते. विषय एकच होता, 'ॲपल'बरोबरच्या प्रक्षेपण करारावर सह्या. त्या झाल्या असत्या तर शंभर वर्षांहून जुनी 'पॅक-१२' ही क्रीडा कॉन्फरन्स तगली असती. सह्या झाल्याच नाहीत. वॉशिंग्टन आणि ओरेगन या दोन विद्यापीठांनी 'बिग टेन' या दुसऱ्या कॉन्फरन्सची वाट धरली आणि रात्र होईपर्यंत ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा यांनी 'बिग १२' जवळ केली. एका दिवसात पाच सदस्य गेले. त्याआधी तीन गेलेच होते आणि महिन्याभरात आणखी दोन गेले.

उरल्या फक्त दोन. पुलमन या छोट्या गावातली वॉशिंग्टन स्टेट आणि कॉर्व्हॅलिसमधली ओरेगन स्टेट. बारा जणांच्या संघटनेचं नाव, बँक खातं आणि इतिहास सगळं यांच्या गळ्यात पडलं. खेळायला प्रतिस्पर्धी मात्र कुणीच नव्हता.

कॉन्फरन्स म्हणजे काय?

आपल्याकडे विद्यापीठांचे खेळ भारतीय विद्यापीठ संघाच्या छत्राखाली होतात. पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण असे विभाग, विभागीय स्पर्धेतून पुढे अखिल भारतीय स्पर्धा. विभाग वरून ठरतो. पुणे विद्यापीठाला पश्चिम विभाग आवडला नाही म्हणून ते दक्षिणेत जाऊ शकत नाही.

अमेरिकेत उलटं आहे. तिथे 'एनसीएए' ही राष्ट्रीय संस्था आहे. ती नियम करते आणि बहुतेक खेळांच्या राष्ट्रीय विजेतेपद स्पर्धा भरवते. पण हंगामभर कोण कोणाशी खेळणार, पंच कोण, खेळाडूची पात्रता कशी तपासायची, टीव्हीचे पैसे कसे वाटायचे, हे ठरवते कॉन्फरन्स. ती विद्यापीठांनी आपखुशीने केलेली संघटना असते. त्यामुळे सदस्य येऊ शकतात आणि जाऊही शकतात. पुढचा सगळा गोंधळ याच एका सोयीतून निघाला आहे.

यातली सर्वांत जुनी मोठी कॉन्फरन्स म्हणजे बिग टेन, १८९६ मध्ये स्थापन झालेली. त्या काळात कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये (आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, हेल्मेट घालून खेळायचा) बेबंदशाही होती. वर्गात कधी न दिसणारे भाडोत्री खेळाडू मैदानात उतरत, मुलं जबर जखमी होत, काही दगावतही. १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी प्रमुख विद्यापीठांच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. पश्चिम किनाऱ्यावर बर्कली आणि स्टॅनफर्ड तर इतकी वैतागली की १९०६ पासून त्यांनी फुटबॉल बंद करून रग्बी सुरू केलं. बर्कली १९१५ मध्ये फुटबॉलकडे परतली आणि त्याच वर्षी ही गोष्ट सुरू होते.

पोर्टलंडची बैठक

२ डिसेंबर १९१५ रोजी ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात चार संस्थांचे प्रतिनिधी भेटले : कॅलिफोर्निया (बर्कली), वॉशिंग्टन, ओरेगन आणि ओरेगन कृषी महाविद्यालय, म्हणजे आजची ओरेगन स्टेट. त्यांनी 'पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स' स्थापन केली. उद्देश साधा होता. खेळणारा मुलगा खरोखर विद्यार्थी असावा, सगळ्यांना एकच नियम असावेत आणि जवळपासच्या बरोबरीच्या संस्थांशी दरवर्षी ठरलेले सामने व्हावेत. प्रवास रेल्वेचा होता, त्यामुळे 'जवळपास' या शब्दाला तेव्हा खरा अर्थ होता.

वॉशिंग्टन स्टेट १९१७ मध्ये आली, स्टॅनफर्ड १९१८ मध्ये. १९२२ मध्ये लॉस एंजेलिसची यूएससी आणि आयडाहो, १९२४ मध्ये मोंटाना, १९२८ मध्ये यूसीएलए. १ जानेवारीला पॅसाडेनामध्ये होणारा 'रोझ बोल' हा या कॉन्फरन्सचा वार्षिक सोहळाच बनला. १९४७ पासून तिथे पश्चिम किनाऱ्याचा विजेता विरुद्ध बिग टेनचा प्रतिनिधी अशी लढत ठरून गेली. १९४२ चा रोझ बोल मात्र कॅलिफोर्नियात झालाच नाही. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावर गर्दी जमवणं धोक्याचं वाटलं, म्हणून सामना थेट नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमला हलवला. तिथे घरच्या मैदानावरच्या ड्यूकला २०-१६ ने हरवणारा संघ कोणता? ओरेगन स्टेट.

याआधीही एकदा हेच झालं होतं

२०२३ मधल्या फुटीला बहुतेकांनी 'अभूतपूर्व' म्हटलं. ते पूर्ण खरं नाही.

१९५० च्या दशकात खेळाडूंना चोरून पैसे दिल्याची प्रकरणं बाहेर आली. १९५६ मध्ये वॉशिंग्टनपासून सुरुवात झाली. शहरातल्या श्रीमंत पाठीराख्यांनी फंड जमवून तो खेळाडूंमध्ये वाटला होता. मग यूसीएलए, यूएससी आणि बर्कली यांचीही नावं आली. कॉन्फरन्सने दंड ठोठावले, खेळाडूंवर बंदी घातली. कडक नियम हवेत असं म्हणणारे आणि 'आमच्या एकट्यावरच कारवाई का' असं म्हणणारे यांच्यात इतकं बिनसलं की १९५९ मध्ये कॉन्फरन्सच विसर्जित झाली.

लगेच नवी संघटना उभी राहिली. तिच्यात वॉशिंग्टन, बर्कली, यूसीएलए, यूएससी आणि स्टॅनफर्ड अशा पाच जणी होत्या. बाहेर राहिल्या त्या ओरेगन, आयडाहो आणि आपल्या ओळखीच्या दोघी, वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट. छोटी गावं, छोटी स्टेडियम, तिकीटविक्रीही बेताची. वॉशिंग्टन स्टेटला १९६२ मध्ये परत घेतलं, दोन्ही ओरेगनना १९६४ मध्ये. आयडाहोला पुन्हा कधीच प्रवेश मिळाला नाही.

म्हणजे मोठ्या शहरांना लहान गावं नकोशी होणं नवीन नाही. फरक इतकाच की १९५९ च्या भांडणाचं निमित्त नियमांचं होतं आणि २०२३ मध्ये निमित्तालाही पैशांशिवाय दुसरं काही नव्हतं.

सुवर्णकाळ

१९६८ मध्ये नाव 'पॅसिफिक-८' झालं. १९७८ मध्ये ॲरिझोनातली दोन विद्यापीठं आल्यावर 'पॅक-१०'. १९८६-८७ पासून महिलांचे खेळही याच छत्राखाली आले. २०११ मध्ये कोलोराडो आणि युटा आल्यावर 'पॅक-१२'.

'चॅम्पियनांची कॉन्फरन्स' हे तिचं घोषवाक्य निव्वळ जाहिरातबाजी नव्हती. सांघिक राष्ट्रीय विजेतेपदांची संख्या ५०० च्या वर होती, दुसरी कुठलीही कॉन्फरन्स तिथवर पोहोचलेली नव्हती. प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या यूसीएलएने १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत बास्केटबॉलची दहा राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. मेजर लीग बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत १९४७ मध्ये पाडणारे जॅकी रॉबिन्सन त्याआधी यूसीएलएकडून चार वेगवेगळे खेळ खेळले होते. ओरेगनमध्ये धावपटूंचे प्रशिक्षक बिल बॉवरमन आणि त्यांचा जुना विद्यार्थी फिल नाइट यांनी १९६४ मध्ये बूट विकण्याचा धंदा सुरू केला, तीच आजची नायकी. जलतरणपटू केटी लेडेकी स्टॅनफर्डची.

आणि इथेच कॉन्फरन्सचा मूळ हेतू सर्वांत नीट दिसतो. पोहणं, कुस्ती, रोइंग, व्हॉलीबॉल असे बहुतेक खेळ तिकिटांवर चालत नाहीत. त्यांचा खर्च मुख्यतः फुटबॉल भागवतो, थोडाफार पुरुषांचं बास्केटबॉल. फुटबॉलच्या टीव्ही करारात चूक झाली की झळ पोहणाऱ्या मुलीला बसते.

गणित कुठे चुकलं?

१९८४ पर्यंत कॉलेज फुटबॉलचे टीव्ही हक्क एनसीएएच्या हातात होते. त्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मक्तेदारी बेकायदा ठरवली. हक्क विद्यापीठांकडे आले आणि त्यांच्या वतीने कॉन्फरन्स सौदे करू लागल्या. आयपीएलच्या हक्कांचे लिलाव पाहिलेल्यांना पुढचं वेगळं सांगायला नको. अभ्यास, अंतर, परंपरा हे सगळं दुय्यम झालं आणि 'तुमचा सामना किती घरांत पाहिला जातो' हा एकच प्रश्न उरला.

पॅक-१२ ची सुरुवात चांगली होती. २०११ मध्ये ईएसपीएन आणि फॉक्सबरोबर १२ वर्षांचा, सुमारे ३०० कोटी डॉलरचा करार झाला. तेव्हा तो विक्रमी मानला गेला. मग २०१२ मध्ये कॉन्फरन्सने संपूर्ण स्वतःच्या मालकीच्या वाहिन्या सुरू केल्या. बिग टेनने आपल्या वाहिनीत फॉक्सला भागीदार घेतलं होतं. पॅक-१२ ने कुणालाच घेतलं नाही. नफा वाटावा लागू नये हा विचार होता, पण वाहिनी घराघरांत पोहोचवायला धडपडणारा भागीदारही त्यामुळे मिळाला नाही. 'डायरेक्टटीव्ही' या मोठ्या उपग्रह सेवेवर त्या वाहिन्या शेवटपर्यंत दिसल्या नाहीत. वेळेचाही अडसर होता. पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळी साडेसातला सामना सुरू होतो तेव्हा न्यूयॉर्कमध्ये साडेदहा वाजलेले असतात.

३० जून २०२२ रोजी यूएससी आणि यूसीएलए यांनी २०२४ पासून बिग टेनमध्ये जाण्याची घोषणा केली. लॉस एंजेलिसची बाजारपेठच गेली. दीड महिन्यात बिग टेनने ७०० कोटी डॉलरहून मोठा, सात वर्षांचा करार केला. पॅक-१२ च्या वाटाघाटी लांबत असताना बिग १२ पुढे घुसली आणि तिने आपला करार आधी वाढवून घेतला. माध्यमांतल्या वृत्तांनुसार तो दर विद्यापीठामागे वर्षाला सरासरी ३.१७ कोटी डॉलरचा होता. ॲपलचा प्रस्ताव त्याहून कमी होता आणि किती प्रेक्षक वर्गणी भरतात यावर पुढची रक्कम ठरणार होती. २७ जुलै २०२३ ला कोलोराडो बाहेर पडली. आठ दिवसांनी ती ४ ऑगस्टची बैठक.

१ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली 'अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स'मध्ये गेल्या. होय, अटलांटिक. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवरच्या या दोघींनी ज्या महासागराशी आपला काडीचा संबंध नाही त्याच्या नावाच्या कॉन्फरन्समध्ये, तेही टीव्हीच्या पैशांत बराच कमी वाटा पत्करून, जागा घेतली.

खेळाडूंना याचा अर्थ काय, हे नकाशा पाहिला की कळतं. बिग टेनमध्ये आता १८ सदस्य आहेत. यूसीएलए आणि न्यू जर्सीची रटगर्स यांच्यातलं हवाई अंतर जवळपास चार हजार किलोमीटर आहे, मुंबई-गुवाहाटीच्या साधारण दुप्पट. फुटबॉल संघ आठवड्यातून एकदा खेळतो, त्याचं कसंबसं जमतं. पण सॉफ्टबॉल किंवा व्हॉलीबॉल खेळणारी मुलगी हंगामात कितीतरी वेळा विमानात बसते आणि तिची परीक्षाही असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने यूसीएलएला जाऊ दिलं खरं, पण मागे राहिल्याने तोटा झालेल्या बर्कलीला वर्षाला १ कोटी डॉलर द्यायला लावले. एकाच सरकारी विद्यापीठाच्या दोन शाखांमधली ही भरपाई!

दोघींनी काय केलं?

सप्टेंबर २०२३ मध्ये वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट न्यायालयात गेल्या. सोडून चाललेले दहा जण मंडळावर बहुमतात होते. त्यांनी ठरवलं असतं तर कॉन्फरन्स विसर्जित करून पैसे वाटून घेता आले असते. नियमावलीनुसार मात्र बाहेर पडण्याची सूचना देणाऱ्याचं मंडळावरचं स्थान संपतं. यूएससी आणि यूसीएलए यांना आधी याच नियमाने बाहेर बसवलं होतं. व्हिटमन काउंटीच्या न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये दोघींच्या बाजूने आदेश दिला आणि डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. तडजोडीत बाहेर पडणाऱ्यांकडून सुमारे साडेसहा कोटी डॉलर मिळाले. शिवाय कॉन्फरन्सची मालमत्ता आणि नाव.

एनसीएएच्या नियमांत किमान सदस्यसंख्या भरून काढायला दोन वर्षांची सवलत आहे. त्या काळात दोघींनी 'माउंटन वेस्ट' कॉन्फरन्सच्या संघांशी सामने ठरवले, इतर बऱ्याच खेळांसाठी 'वेस्ट कोस्ट'चा आसरा घेतला. २०२५ च्या फुटबॉल हंगामात तर त्या एकमेकींशीच दोनदा खेळल्या, एकदा कॉर्व्हॅलिसला आणि एकदा पुलमनला.

दरम्यान टेरेसा गुल्ड यांनी मार्च २०२४ मध्ये आयुक्तपद हाती घेतलं. सप्टेंबर २०२४ मध्ये बॉइझी स्टेट, कोलोराडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि युटा स्टेट यांनी होकार दिला. या पाचही जणी माउंटन वेस्टमधून आल्या, म्हणजे कठीण काळात ज्यांनी सामने दिले त्यांचेच सदस्य पळवले. त्यावरून कोर्टबाजीही झाली. जे आपल्यावर गुदरलं तेच दुसऱ्यावर आणलं, ही टीका चुकीची म्हणता येत नाही. ऑक्टोबरमध्ये गोन्झागा आली (तिच्याकडे फुटबॉल नाही, बास्केटबॉल मात्र जबरदस्त) आणि जून २०२५ मध्ये टेक्सस स्टेट. तिच्यामुळे फुटबॉल खेळणाऱ्या आठ सदस्यांची अट पुरी झाली. नव्या सदस्यांच्या अधिकृत प्रवेशाची तारीख १ जुलै २०२६, मुख्य प्रक्षेपण भागीदार सीबीएस.

खेळाचे नियमही याच काळात बदलले आहेत. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार विद्यापीठं खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात. पहिल्या वर्षी कमाल मर्यादा दर विद्यापीठाला सुमारे २.०५ कोटी डॉलर आहे. १९५६ मध्ये जे चोरून दिल्याबद्दल खेळाडूंवर बंदी आली, ते आता उघडपणे देता येतं. ज्यांच्याकडे टीव्हीचा पैसा जास्त ते पूर्ण मर्यादेपर्यंत देतील. पुलमन आणि कॉर्व्हॅलिसला तेवढं झेपेल का, आणि झेपवायचं ठरवलं तर कुठल्या छोट्या खेळाचं बजेट कापलं जाईल, हा हिशोब त्या दोन गावांत दरवर्षी नव्याने मांडावा लागणार आहे.