गाडीची बखर आणि गाडीचे दप्तर

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि बखरींकडे पाहण्याची आपली दृष्टी पालटली. बखर बहुधा घटनेनंतर, कोणाच्या तरी मर्जीखातर लिहिलेली. त्यापेक्षा घटना घडत असताना रोजच्या कामापुरता लिहिलेला कागद अधिक भरवशाचा. ही कसोटी पानिपतच्या पत्रांना लागते, तशीच ती विकायला काढलेल्या दहा वर्षांच्या जुन्या मोटारीलाही लागते.

“एकाच हातातली गाडी आहे साहेब, रविवारीच बाहेर निघायची, इंजिनाला हात लागलेला नाही.” ही झाली गाडीची बखर. ती खोटीच असेल असे नाही. पण सांगणाऱ्याला गाडी विकायची आहे, हे विसरून कसे चालेल?

विकणाऱ्याला सारे ठाऊक आणि घेणाऱ्याला काहीच नाही, या दुखण्यावर अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली एक निबंध लिहिला. वरून चांगली दिसणारी पण फसवी निघालेली गाडी म्हणजे तिकडच्या बोलीत ‘लिंबू’. अकरलॉफ म्हणाले, लिंबू कोणते हे गिऱ्हाइकाला ओळखता येत नसेल, तर तो प्रत्येक गाडीची किंमत पाडून मागतो. मग चांगल्या गाडीचा मालक विकायलाच येत नाही आणि बाजारात लिंबेच उरतात. अनेक नियतकालिकांनी नाकारलेल्या या निबंधाचा विचार पुढे इतका मोठा ठरला, की २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

यावर उपाय एकच, गाडीचा पूर्वेतिहास कागदावर आणणे. अमेरिकेने १९७२ साली कायदा करून धावसंख्येचे मीटर मागे फिरवणे गुन्हा ठरवले आणि विकताना मीटरचा आकडा लेखी देणे बंधनकारक केले. ब्रिटनने १९६० साली दहा वर्षांहून जुन्या गाड्यांची तपासणी सक्तीची केली आणि १९६७ साली ही मर्यादा तीन वर्षांवर आणली. आज तिथे गाडीचा क्रमांक घातला की मागच्या तपासण्या आणि त्या त्या वेळचे मीटरचे आकडे कोणालाही इंटरनेटवर पाहता येतात.

आपल्याकडची गोष्ट निराळी. परवान्यांच्या काळात कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट किंवा उत्तरपाड्याची अँबॅसडर मिळायला नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. जुनी गाडी मिळाली हेच भाग्य, तिथे कागद कोण मागणार? गाडीचा इतिहास ओळखीच्या मिस्त्रीच्या डोक्यात असे. कित्येक मीटरांना आकडेही पाचच. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, अधिकृत सर्व्हिस केंद्रे वाढली आणि शिक्के मारलेली सर्व्हिस पुस्तिका मध्यमवर्गीय घरात आली.

आर.सी. बुकावरून मालक कोण, चेसिस आणि इंजिन क्रमांक काय, कर्जाचा बोजा आहे का, हे कळते. गाडी किती धावली, ऑइल केव्हा बदलले, हे त्यात नसते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. तोवर दरवर्षीची सक्तीची तपासणी नाही. म्हणून आपल्याकडे देखभालीच्या बिलांचे मोल अधिक.

ही बिले वाचायची कशी? प्रथम ती तारखेनुसार लावावीत. प्रत्येक बिलावर किलोमीटरचा आकडा असतो. तो चढत गेला पाहिजे. ६२,००० नंतरच्या बिलावर ४८,००० आले, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. पाच वर्षांचे शिक्के एकाच शाईचे, एकाच हातचे दिसले, तर ते एका बैठकीत मारलेले असू शकतात. बिलावरचा चेसिस क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी जुळवावा आणि त्या केंद्राला विचारून खात्री करावी.

मग कागदाची गाडीशी गाठ घालावी. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गाडी तीस हजारच धावली म्हणतात आणि चारही टायर बदललेले, ब्रेकच्या पेडलचे रबर झिजून गुळगुळीत, तर शरीर एक सांगते आहे आणि कागद दुसरे. विम्याची पॉलिसीही बोलते. गाडीला कधी धक्का लागला नाही म्हणतात आणि नो क्लेम बोनस शून्य, तर त्याचे कारण विचारावे.

दप्तरातल्या रिकाम्या जागाही वाचाव्यात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते; पण गालिच्याखाली, सीटच्या रुळांवर गंज आणि चिखल राहतो. पूर आलेल्या शहरातल्या गाडीच्या बिलांत नेमके त्यानंतरचे काही महिने गायब असतील, तर गालिचा उचलून पाहावा.

मात्र कागद नाहीत म्हणजे गाडी वाईटच, असेही नव्हे. वॉरंटी संपल्यावर पुष्कळ चांगली माणसे शेजारच्या गॅरेजमध्ये जातात आणि तिथे बिल मिळतेच असे नाही. अशा वेळी विश्वासू मेकॅनिकला गाडी दाखवावी आणि ज्या कामाचा कागद नाही, ते झालेलेच नाही असे धरून किंमत करावी. टायमिंग बेल्ट बदलल्याचा पुरावा नसेल, तर त्याचा खर्च वजा करावा. तो चालत्या गाडीत तुटला तर अनेक इंजिनांचे व्हॉल्व्ह वाकतात. ब्रेकच्या कामाचा कागद नसेल, तर प्रश्न पैशांपुरता राहत नाही. त्या गाडीत आपली मुलेबाळे बसणार असतात.

आणि आज आपण घेणारे असलो, तरी उद्या विकणारे असणार. डॅशबोर्डच्या खणात चुरगळलेली बिले फेकू नयेत. एका साध्या फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवावीत. पुढच्या मालकाला आपल्या शब्दावर विसंबून राहावे लागणार नाही आणि आपल्या चांगल्या गाडीला लिंबाचा भाव येणार नाही.