बिळात न गेलेला टेरिअर

१९२२च्या सुमाराची गोष्ट. कानपूरला डॉ. अ‍ॅग्नेस ग्रेग नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई होत्या, बायकांच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया करणाऱ्या. एका तिबेटी व्यापाऱ्याची बायको त्यांच्या हातून वाचली आणि त्या उपकाराची फेड म्हणून त्यांना एक पिल्लू मिळालं. सोनेरी-पांढऱ्या केसांची, डोळ्यांवर झुलपं आलेली मादी. नाव बंटी. बाईंनी तिला कुत्र्यांच्या प्रदर्शनात नेलं, तर परीक्षकांना तिची जात सांगता येईना. अंगापिंडाने ती ल्हासाहून येणाऱ्या कुत्र्यांपेक्षा मोठी होती. मग बाईंनी तिच्यासाठी राजा नावाचा जोडीदार मिळवला, पिल्लं वाढवली, पिढ्यांच्या नोंदी ठेवल्या. १९३० मध्ये भारतातल्या केनेल क्लबने या कुत्र्यांना वेगळी जात म्हणून मान्यता दिली. नाव ठेवलं तिबेटन टेरिअर. इंग्लंडच्या क्लबने १९३७ मध्ये तेच नाव उचललं आणि ते आजही चालू आहे.

या कुत्र्याने टेरिअरचं काम मात्र कधीच केलं नव्हतं. टेरिअर म्हणजे बिळात शिरणारा कुत्रा. इंग्लंड-स्कॉटलंडच्या शेतांवर कोल्हा, बिज्जू, उंदीर, घुशी यांच्या मागे जमिनीखाली जायचं, अंधारात एकट्याने समोर उभं राहायचं, मालक वरून खणेपर्यंत भुंकत राहायचं, एवढ्यासाठी तो घडवला गेला. जॉन रसेल हा पाद्री १८१९ मध्ये ऑक्सफर्डला शिकत होता तेव्हा त्याने एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची पांढरी मादी घेतली. आजच्या जॅक रसेल टेरिअरचा वंश तिच्यापासून सांगतात. यॉर्कशर टेरिअरचे पूर्वज स्कॉटलंडमधून कामाच्या शोधात निघालेल्या विणकरांबरोबर उत्तर इंग्लंडच्या गिरणी-गावांत आले. तिथल्या उंदरांवर त्यांचं पोट चालायचं. रेशमी केसांचा, मांडीत मावणारा आजचा यॉर्की त्यांचाच नातू आहे. १८६५ मध्ये जन्मलेल्या हडर्सफील्ड बेन या एका नराकडे या जातीच्या बहुतेक वंशावळी जाऊन पोचतात.

तिबेटातले छोटे कुत्रे यांतलं काहीच करत नव्हते. मठाच्या दाराबाहेर मोठा मॅस्टिफ साखळीला असे आणि आत, उंच जागी बसून, छोटा कुत्रा कान देऊन असे. अनोळखी पाऊल वाजलं की पहिली हाक याची. बंटीच्या जातीचे जरा मोठे कुत्रे माणसांच्या नि गुरांच्या बरोबर डोंगर चढायचे. त्यांचे पंजे रुंद आणि सपाट असतात, बर्फात रुतू नयेत असे. पण भारतातल्या इंग्रज साहेबाला लहान, केसाळ आणि चपळ असं काही दिसलं की त्याच्या तोंडी टेरिअर हाच शब्द यायचा. आपण ज्याला ल्हासा अ‍ॅप्सो म्हणतो त्यालाही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘ल्हासा टेरिअर’च म्हणत. अमेरिकेत १९३५ मध्ये त्याला मान्यता मिळाली ती टेरिअरांच्या गटात, आणि तिथून त्याला बाहेर काढायला १९५६ साल उजाडलं.

खरे टेरिअर भारतात आले ते साहेबाच्या सामानाबरोबर. छावण्यांमधला नेहमीचा कुत्रा म्हणजे फॉक्स टेरिअर. मिळतील ते कुत्रे जमवून कोल्ह्यांमागे निघणाऱ्या टोळ्यांत त्याला हमखास जागा असे. मराठी घरांना मात्र टेरिअर आधी दिसला तो तबकडीवर. हिज मास्टर्स व्हॉइसच्या चित्रात भोंग्यापुढे मान वाकडी करून बसलेला निपर हा टेरिअर रक्ताचा मिश्र कुत्रा. तो १८८४ मध्ये ब्रिस्टलला जन्मला आणि १८९५ मध्ये मेला. फ्रान्सिस बरॉ या चित्रकाराने त्याच्या मागे काढलेलं चित्र ग्रामोफोन कंपनीने १८९९ मध्ये विकत घेतलं. कंपनीचा कोलकात्याचा कारखाना १९०८ मध्ये सुरू झाला आणि नाट्यपदांच्या तबकड्यांबरोबर निपर पुण्या-सांगलीच्या दिवाणखान्यांत येऊन बसला. घरात कुत्रा ठेवणं ज्यांना पटत नव्हतं त्यांच्याही घरात तो होता.

टेरिअरांच्याच घराण्याची एक फांदी दिल्लीच्या आसपास आता भीतीचं कारण झाली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेरिअरची चपळाई आणि बुलडॉगचा जबडा एकत्र करून झुंजींसाठी कुत्रे तयार केले गेले. पिटबुल टेरिअर त्यांच्यातून आला. २०२२ मध्ये गाझियाबाद महापालिकेने पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो पाळायला बंदी केली. नोएडा प्राधिकरणाने त्याच वर्षी नियम केला की पाळीव कुत्रा चावला तर मालकाला १० हजार रुपये दंड, शिवाय जखमीच्या उपचारांचा खर्च. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राने २३ जातींवर बंदी आणण्यासाठी राज्यांना पत्र लिहिलं. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पुढच्याच महिन्यात रद्द केलं. मला यात एक गोष्ट सलते. टेरिअर हा शब्द ऐकून आता लिफ्टमध्ये लोक यॉर्कीपासूनही दोन पावलं मागे सरतात, आणि ज्याने पिटबुल झुंजीसाठी घडवला त्या माणसाचं नाव कुठल्याच नोटिशीवर नसतं.

हा सगळा मागोवा मी घेतला कारण नोएडा, गुरुग्राम, द्वारकेतल्या फ्लॅटांमध्ये छोटा कुत्रा आणताना लोक फोटो पाहतात, पूर्वज पाहत नाहीत. जॅक रसेल पाच-सहा किलोंचा असतो म्हणून तो दोन खोल्यांत मावेल असं वाटतं. पण त्याच्या अंगात दिवसभर घोड्यांमागे पळून संध्याकाळी बिळात उतरण्याची ताकद भरलेली आहे. ती जिरवायला रोज तासभर पळणं आणि हुंगत शोधायचं काही काम मिळालं नाही, तर बाल्कनीतल्या तुळशीची कुंडी उकरलेली मिळणारच. तो वाईट वळणाचा नाही, त्याचं कामच ते आहे. ज्यांचं ऑफिस साडेआठला सुरू होतं आणि परत यायला रात्र होते त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. यॉर्कीला पळणं कमी पुरतं, पण तीन किलोंच्या त्या जिवाला सोफ्यावरून पडूनही हाड मोडू शकतं. लहान मुलांच्या घरात तो नको. ल्हासा घरात निवांत असतो, फक्त दारावरची प्रत्येक चाहूल तो कळवणार. शेकडो वर्षं त्याला त्यासाठीच जेवू घातलं गेलं. कुरिअरवाला, दूधवाला, वरच्या मजल्याची चप्पल, सगळ्यांची वर्दी मिळेल. हे भुंकणं मारून थांबत नाही. लहानपणापासून माणसांची ओळख करून दिली, ‘पाहिलं मी’ असं सांगून जवळ बोलावलं, की ते आटोक्यात येतं.

दिल्लीत सगळ्यात जास्त हाल होतात ते केसांचे. तिबेटी कुत्र्याला दोन थर असतात: आत लोकरीसारखा मऊ, वर लांब. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की मालकाचा जीव कळवळतो आणि तो कुत्र्याला झीरो मशीन मारून आणतो. त्याने उघड्या कातडीवर थेट ऊन बसतं. इंचभर केस ठेवून कापावेत, फिरायला पहाटे साडेपाचला किंवा रात्री न्यावं, आणि आधी स्वतःच्या हाताचा मागचा भाग फरशीवर पाच सेकंद टेकवून पाहावा. आपल्याला चटका बसला तर त्याच्या पंजालाही बसणार. विंचरायची पद्धतही शिकून घ्यावी लागते. वरवर कंगवा फिरवला की कुत्रा छान दिसतो आणि गुंता आत तसाच राहतो. एका हाताने केसांचा पट्टा वर धरायचा, कातडी दिसली पाहिजे, आणि तिथून बाहेर थोडं थोडं विंचरत यायचं. कानामागे, पुढच्या पायांच्या बगलेत आणि गळ्यातल्या पट्ट्याखाली बोटांनी चाचपायचं. घट्ट गोळा लागला तर आधी बोटांनी सोडवायचा, ओढायचा नाही. पावसाळ्यात याच जागी आणि बोटांच्या बेचक्यात गोचिड्या सापडतात. गोचीडतापाने दिल्लीच्या परिसरात दर वर्षी कितीतरी कुत्रे आजारी पडतात. जेवण सोडलं, हिरड्या फिक्या दिसल्या, लघवी गडद झाली, की रक्त तपासायला त्याच दिवशी न्यावं.

कागदांचंही ऐकावं. बंटीच्या वंशाला नाव मिळालं ते कोणीतरी पिढ्यांच्या नोंदी लिहिल्या म्हणून, आणि आज बाजारात नेमक्या त्याच नोंदी नसतात. २०१७च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मादी दीड वर्षाची होण्याआधी तिची वीण घेता येत नाही. रस्त्याकडेच्या टोपलीत महिन्याचं पिल्लू दाखवून ‘शुद्ध लासा’ म्हणणाऱ्याकडे यातलं काहीही नसतं. पिल्लाची आई दाखवा म्हणावं. ती दाखवायला जो तयार नाही त्याच्याकडून घेऊ नये. धंद्यासाठी परदेशातून कुत्रे आणण्यावर केंद्राने २०१६ मध्ये बंदी आणली, त्यामुळे बाहेरचं रक्त येणं अवघड झालं. म्हणून आई आणि बाप जवळच्या नात्यातले नाहीत ना, हेही विचारावं. घरी आणल्यावर रेबीजची लस आणि पालिकेतली नोंदणी. दिल्लीत ती १९५७च्या महापालिका कायद्याच्या कलम ३९९ खाली सक्तीची आहे, तरी टाळणारे पुष्कळ.

आणि डोळे. जॅक रसेल, फॉक्स टेरिअर अशा अनेक टेरिअरांना एक जुना आजार आहे. डोळ्यातलं भिंग जागेवर धरून ठेवणारे तंतू तुटतात आणि भिंग सरकतं. २०१० मध्ये संशोधकांना त्यामागचा जनुकातला बदल सापडला. एडीएएमटीएस-१७ नावाच्या जनुकातला तोच बदल तिबेटन टेरिअरमध्येही आहे. साहेबाने नाव चुकीचं दिलं खरं, पण कुठेतरी, कुठल्यातरी जुन्या पूर्वजात, या दोन्ही घराण्यांचं रक्त एक झालेलं असणार. आई आणि बाप दोघांकडूनही तो बदल आला तर पिल्लाला आजार होण्याचा धोका फार मोठा. म्हणून या जातींचं पिल्लू घेताना आईबापांच्या तपासणीचा कागद मागावा. गालाच्या आतून काडी फिरवून नमुना घेतात आणि तपासणी आयुष्यात एकदाच करावी लागते. आजार बहुधा तीन ते आठ वर्षांच्या दरम्यान उपटतो. डोळा अचानक लाल झाला, बुबुळ धुरकट दिसू लागलं, कुत्रा उजेड टाळून डोळा मिटून बसला, तर घरातले थेंब घालत बसू नये. भिंग पुढे सरकून आतला दाब वाढला की दृष्टी एक-दोन दिवसांत जाऊ शकते. डोळ्यांची शस्त्रक्रिया करणारे प्राण्यांचे डॉक्टर आपल्या भागात कुठे आहेत ते पिल्लू घरी यायच्या आधीच विचारून ठेवावं आणि नंबर फ्रिजवर लावावा.